टांगलेली अक्षरं, बसलेली अक्षरं

जिल्हा परिषदेच्या एका शाळेत पहिलीच्या मुलांबरोबर सतरंजीवर बसलो होतो. बाईंनी फळ्यावर चार रेघा आखून इंग्रजीतला छोटा ‘जी’ काढला आणि मुलं तो चाररेघी वहीत उतरवू लागली. माझ्या शेजारच्या मुलीनं आपला जी वरच्या रेघेला नीट टांगला. पोट गोल, शेपूट डौलदार, पण सगळा जी रेघेखाली लोंबत होता. बाई आल्या, फुली मारली, ‘रेघेवर काढ गं’ म्हणाल्या आणि पुढे गेल्या. मुलीनं फुलीकडे पाहिलं, रेघेकडे पाहिलं. काय चुकलं ते तिला कळलं नाही.

खरं तर चुकलं काहीच नव्हतं. गेले काही महिने तिचा हात मराठी शिकत होता आणि मराठी अक्षर शिरोरेषेला टांगलेलं असतं, वलणीवरच्या कपड्यासारखं. इंग्रजी अक्षरं खालच्या रेघेवर बसतात, तारेवर बसलेल्या पाखरांसारखी. कुणाची मान उंच, कुणाचं शेपूट तारेखाली. चाररेघी वही ही मानेची आणि शेपटीची मापं घेण्यासाठीच असते, पण ते त्या मुलीला कुणी सांगितलं नव्हतं. ‘आपली अक्षरं लटकतात, ही बसतात’ एवढं एक वाक्य पुरलं असतं. बाईंना ते सुचलं नाही, कारण त्या स्वतः दोन्ही लिप्या इतक्या वर्षांपूर्वी शिकल्या होत्या की त्यातला फरक त्यांना दिसेनासा झाला होता. शिकवणाऱ्याची अडचण बहुधा हीच असते.

अशीच दुसरी गोष्ट ‘बी’ आणि ‘डी’ची. खुर्ची डावीकडे तोंड करून ठेवली काय नि उजवीकडे काय, ती खुर्चीच राहते. डोळ्यांना जन्मापासून हेच वळण असतं: दिशा बदलली म्हणून वस्तू बदलत नाही. इंग्रजी लिपी एकाएकी हा नियम मोडते. तीच काठी, तेच पोट. उजवीकडे वळलं की बी, डावीकडे वळलं की डी, उलटं झालं की पी किंवा क्यू. देवनागरीत घ-ध, भ-म, थ-य अशा फसव्या जोड्या आहेत, पण तिथे फरक गाठीचा किंवा रेघेचा असतो. आरशातली जोडी नाही. त्यामुळे मराठी वाचायला लागलेलं मूलही इथे अडखळतं आणि त्यात काळजी करण्यासारखं काही नाही. दोन मुठी समोरासमोर धरून अंगठे वर केले की ‘बेड’ या शब्दाचा पलंग तयार होतो, डाव्या हाताचा बी आणि उजव्या हाताचा डी. जगभरचे शिक्षक ही युक्ती वापरतात. मुलं काही महिने बाकाखाली मुठी धरून खात्री करून घेतात, मग आपोआप सोडून देतात.

हे सगळं हाताचं आणि डोळ्यांचं झालं. खरी गंमत कानापाशी सुरू होते.

मराठीत अक्षराचं नाव आणि अक्षराचा आवाज एकच. ‘क’चं नाव क आणि आवाजही क. इंग्रजीत नाव एक, काम दुसरं. ‘एच’ या नावात ‘ह’ कुठेच नाही. ‘डब्ल्यू’मध्ये ‘व’ नाही, आणि ज्याच्या नावात ‘व’ आहे त्या ‘वाय’चा आवाज ‘य’. एखाद्या मुलानं ‘वॉच’ची सुरुवात वायनं केली तर तो मठ्ठ नाही. मराठीनं शिकवलेला नियम तो प्रामाणिकपणे लावतोय.

आपण शिकलो ते असं: सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर. महाराष्ट्रातल्या कितीतरी पिढ्या या चालीवर डोलल्या. आता या ओळीकडे परक्यासारखं पाहा. सी, ए, टी ही तीन नावं पाठोपाठ म्हटली तर ‘सीएटी’ होतं. त्यातून ‘कॅट’ कसं निघतं? निघत नाही. मूल ते बाईंच्या तोंडून ऐकतं आणि पाठ करतं. म्हणजे या क्रियेत जीभ काम करते, कान काम करतो, डोळ्यांना सुट्टी. खात्री करायची असेल तर त्याच मुलाला सी ए पी लिहून दाखवा. पाठ न केलेला शब्द समोर आला की ते तुमच्या तोंडाकडे पाहू लागतं. कारण आजवर वाचन फळ्यावर झालंच नव्हतं, बाईंच्या ओठांवर झालं होतं.

यावर इंग्लंडमध्ये, म्हणजे ज्यांची ती मातृभाषा त्यांच्याकडेही, बरीच भांडणं झाली. शब्द चित्रासारखा अख्खा ओळखायला शिकवावा, की आवाज जोडून? २००६ मध्ये तिथल्या सरकारसाठी जिम रोझ यांनी केलेल्या पाहणीनं आवाज जोडण्याच्या बाजूनं कौल दिला. २०१२ पासून तिथे पहिलीच्या वर्षाअखेरीस एक छोटी तपासणी होते. मुलाला ४० शब्द वाचायला देतात. त्यातले निम्मे निरर्थक असतात, कुठल्याच शब्दकोशात नसलेले. कल्पना साधी आणि चलाख आहे: जो शब्द जगात नाही तो कुणी पाठ करू शकत नाही. तो वाचला म्हणजे मुलाला वाचता येतं.

आवाजाच्या पद्धतीत ए, बी, सी, डी हा क्रम मोडतात. सुरुवात बहुधा सहा अक्षरांनी होते: एस, ए, टी, पी, आय, एन. पण त्यांची नावं घ्यायची नाहीत, फक्त आवाज. स्, ॲ, ट्, प्, इ, न्. एवढ्यावर सॅट, टॅप, पिन, पॅन, टिन, नॅप असे कितीतरी शब्द उभे राहतात. आठवड्याभरात मूल स्वतः शब्द जुळवू लागतं. आपल्याकडेही काही शिक्षक मराठी वाचन बाराखडीच्या रांगेनं न शिकवता निवडक अक्षरांचे गट घेऊन शिकवतात, त्यामागचा विचार हाच. २६ शिपाई हजर होईपर्यंत लढाई थांबवायची कशाला? सहा आले की सुरू.

मराठी मुलाला इथे एक फायदा आहे, ज्याची आपण कधी दखल घेत नाही. इंग्रजी शब्द लिहिण्यासाठी मराठीनं ॲ आणि ऑ ही चिन्हं कधीचीच आपलीशी केली. हिंदीत ‘बैट’ लिहितात, आपण ‘बॅट’. त्यामुळे पेन आणि पॅन यातला फरक मराठी कानाला सांगावा लागत नाही. ‘स्कूल’ म्हणताना आपल्या मुलांना सुरुवातीला ‘इ’ लावावा लागत नाही. तोटेही आहेत. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ या दोघांना मिळून आपल्याकडे एकच ‘व’. ‘शिप’ आणि ‘शीप’ कागदावर वेगळे दिसतात, पण बोलताना आपण ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब ठेवत नाही. मराठी शुद्धलेखनात यापायी जो छळ होतो तोच इथेही होतो.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट. मराठीत ‘अ’ लिहावा लागत नाही, तो अक्षराच्या पोटातच असतो. म्हणून ‘कप’ लिहायला सांगितलं की पुष्कळ मुलं के आणि पी एवढंच लिहितात. त्यांच्या दृष्टीनं शब्द पूर्ण झाला. इंग्रजीत प्रत्येक स्वराला वेगळा पाट मांडावा लागतो, हे मुद्दाम दाखवावं लागतं. दाखवायला सर्वांत चांगलं साधन म्हणजे मुलाचं नाव. कमलच्या नावात मराठीत तीन अक्षरं, इंग्रजीत पाच. मधली दोन कोण आली? ज्ञानेश्वरला सांगता येतं की त्याच्या नावाचं पहिलं अक्षर लिहायला महाराष्ट्रात डी, एन, वाय लागतात आणि उत्तरेत जी, वाय. एकच ‘ज्ञ’, पण आपण ‘द्न्य’ म्हणतो, ते ‘ग्य’ म्हणतात, आणि रोमन लिपी ज्याच्या त्याच्या जिभेचं ऐकते. मुलांना हे ऐकायला फार आवडतं.

पण म्हणून इंग्रजी स्पेलिंग आवाजावर चालतं असं म्हणणं शुद्ध फसवणूक होईल. पिन आणि टॅपच्या पुढे चार पावलं गेलं की ‘नाइट’ भेटतो. सरदार या अर्थाचा, सुरुवातीला के आणि मध्ये जी-एच असलेला. हे सगळं एकेकाळी बोललं जात होतं. विल्यम कॅक्स्टननं १४७६ मध्ये लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला, तेव्हापासून स्पेलिंग हळूहळू गोठत गेलं. आणि नेमक्या त्याच शतकांत इंग्रजांच्या तोंडातले दीर्घ स्वर जागा बदलत होते, शब्दांतली काही व्यंजनं गळत होती. खिळे तेच राहिले, बोलणं निघून गेलं. त्यात पंडितांनी भर घातली. ‘डेट’ म्हणजे कर्ज. या शब्दात बी कधीच बोलला जात नव्हता, पण मूळ लॅटिन शब्दात तो आहे हे दाखवायला तो घुसवला. ‘आयलंड’मधला एस तर चुकीच्याच नात्यावरून आला.

मराठी वाचकानं यावर फार हसू नये. आपणही ‘नांव’, ‘पांच’, ‘कांहीं’ असे न उच्चारलेले अनुस्वार डोक्यावर घेऊन फिरत होतो. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ते उतरवले. इंग्रजीला असं काही करणारं महामंडळ मिळालं नाही. शिवाय मराठीतही एका चिन्हाचे दोन आवाज आहेतच. ‘हे जग’ म्हणताना ज वेगळा आणि ‘तू शंभर वर्षं जग’ म्हणताना वेगळा. चारमधला च आणि चाऱ्यातला च एक नाही. सहा वर्षांचं मराठी मूल हे न अडखळता वाचतं, कारण शब्द त्याला आधीच ठाऊक असतो. डोळे निम्मं सांगतात, उरलेलं कान पुरवतो.

इंग्रजीचं वाचन मातृभाषेत शिकणाऱ्यांनाही जड जातं याचे आकडे आहेत. २००३ मध्ये फिलिप सीमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोपातल्या डझनभर भाषांत पहिलीतली मुलं ओळखीचे शब्द किती अचूक वाचतात हे तपासलं. फिनलंडमधली मुलं शंभरातले ९८ शब्द बरोबर वाचत होती. इंग्रजीत शिकणारी स्कॉटलंडमधली मुलं ३४. फिनिश मूल हुशार आणि स्कॉटिश मूल ढ, असं नव्हे. फिनिशचं स्पेलिंग सरळ आहे, इंग्रजीचं नाही. आता विचार करा, ज्या घरात इंग्रजी कुणी बोलत नाही, त्या घरातल्या मुलाकडून आपण काय मागतो.

महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये इंग्रजी पूर्वी पाचवीपासून असे. २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, ती पहिलीपासून आली. त्यावर बराच वाद झाला. मला स्वतःला निर्णय चुकीचा वाटत नाही; गरिबाच्या मुलाला इंग्रजी उशिरा आणि श्रीमंताच्या मुलाला लवकर, ही वाटणी न्याय्य नव्हतीच. अडचण पुढची आहे. आधी सुरू केलं म्हणजे आधी येईल, असं आपण धरून चाललो. ‘प्रथम’ या संस्थेच्या प्रेरणेनं होणाऱ्या ‘असर’ या देशव्यापी पाहणीत ग्रामीण मुलांना इंग्रजीची अगदी छोटी वाक्यं वाचायला देतात. २०१६ च्या पाहणीत देशभरच्या पाचवीतल्या मुलांपैकी ती वाचू शकणारी होती २४.५ टक्के. चारातलं एक. या पाहणीतली एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते: वाक्य वाचून झाल्यावर मुलाला अर्थही विचारतात. कारण या दोन गोष्टी एक नाहीत.

एक नाहीत म्हणजे काय, ते तुम्हाला स्वतःवरच पडताळून पाहता येईल. नेपाळी वर्तमानपत्र घ्या. लिपी देवनागरी. तुम्ही पहिलं पान मोठ्यानं, फारसं न अडखळता वाचून दाखवाल. ऐकणाऱ्याला वाटेल, वा, काय वाचतोय! आणि चार ओळी झाल्यावर बातमी कशाची होती हे विचारलं तर तुम्ही बावरून जाल. आपल्या कित्येक मुलांचं इंग्रजी वाचन याच जातीचं असतं. १९८६ मध्ये फिलिप गॉफ आणि विल्यम टन्मर या दोघांनी हे एका छोट्या गणितात मांडलं: वाचन म्हणजे अक्षरं उलगडणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नव्हे, गुणाकार. एक बाजू शून्य असेल तर दुसरी कितीही मोठी असली तरी उत्तर शून्य.

म्हणजे डोळ्यांसमोर येणारा शब्द आधी कानात राहायला हवा. मग प्रश्न असा की मराठी गावातल्या मुलाच्या कानात इंग्रजी कुठून येणार?

ती आधीच आलेली आहे. फक्त तिला कुणी इंग्रजी म्हणत नाही. बस, स्टँड, पंप, टब, मग, कप, पिन, क्लिप, बेल्ट, बॅग, जीप, नट, जॅक, बंपर, हेल्मेट, लिफ्ट. मैदानावर जा: बॅट, स्टंप, रन, हिट, सिक्स. शाळेत पाय ठेवण्यापूर्वी मराठी मूल असे शेकडो शब्द अर्थासकट वापरत असतं. आणि यातली गंमत अशी की लहान, रोजच्या वापरातल्या या शब्दांपैकी बहुतेकांचं स्पेलिंग सरळ आहे. बी, यू, एस: बस. पी, यू, एम, पी: पंप. कुठे मूक अक्षर नाही, कुठे दगाफटका नाही. पण आपण ‘ए फॉर ॲपल’नं सुरुवात करतो. सफरचंद त्या मुलानं कदाचित आजारपणात खाल्लं असेल. एक्ससाठी झायलोफोन तर शिक्षकांनीही पाहिलेला नसतो, आणि त्यातल्या एक्सचा आवाज पुन्हा ‘झ’! मराठी मुलांसाठी इंग्रजीची पहिली अंकलिपी गॅरेज, एसटी स्टँड आणि क्रिकेटचं मैदान यांतून काढावी असं माझं ठाम मत आहे.

न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवणाऱ्या सिल्विया ॲश्टन-वॉर्नर या शिक्षिकेनं हाच धागा वेगळ्या टोकाला नेला. माओरी मुलांना इंग्रजी पाठ्यपुस्तकातली नीटनेटकी कुटुंबं परकी वाटत. सिल्विया रोज प्रत्येक मुलाला जवळ बोलावून विचारी, तुला आज कुठला शब्द हवा? मूल सांगेल तो शब्द जाड कार्डावर लिहून त्याच्या हातात. दुसऱ्या दिवशी ओळखता आला तर कार्ड त्याचं, नाही तर तो शब्द त्याला खरा हवाच नव्हता असं समजून ती टाकून देई. मुलं सांगत ते शब्द भीतीचे आणि मायेचे असत. ‘घोस्ट’ हा शब्द तिच्या वर्गात एकदा दाखवला की विसरला जात नसे, त्यातला एच बोलला जात नाही तरीसुद्धा. तिचं ‘टीचर’ हे पुस्तक १९६३ मध्ये आलं. स्पेलिंगच्या अवघडपणाबद्दल आपण जे बोलतो ते पुष्कळदा शब्दाच्या निर्जीवपणाबद्दल असतं, असा संशय हे पुस्तक वाचल्यापासून मला येतो.

कानात नसलेले शब्द पुस्तकातून येऊ शकतात का? येतात, पण अटीवर. बंगालमध्ये, ढाक्याला, शंभर वर्षांपूर्वी मायकेल वेस्ट नावाचा इंग्रज शिक्षणाधिकारी होता. बोलणं आधी, वाचन नंतर, असा त्या काळचा पुढारलेला सल्ला त्याला पटेना. वर्गातली निम्मीशिम्मी मुलं मध्येच शाळा सोडताना त्याला दिसत. त्यानं विमा कंपन्यांचा शब्द उचलला: सरेंडर व्हॅल्यू. पॉलिसी मध्येच मोडली तर हाती काय येतं? अर्धवट बोलता येणारं इंग्रजी खेड्यात बोलायचं कुणाशी? ते वर्षभरात पुसलं जाईल. पण वाचता येत असेल तर एकटं बसूनही उपयोग. म्हणून त्यानं सोप्या इंग्रजीतली वाचनमाला केली. नवे शब्द मोजून-मापून, एकेका पानावर थोडेच, आणि आलेला शब्द पुन:पुन्हा. १९३५ मध्ये त्यानं जेम्स एंडिकॉट यांच्याबरोबर काढलेल्या शब्दकोशात सुमारे २४,००० नोंदींचे अर्थ अवघ्या १,४९० शब्दांत समजावले होते. आज शिकणाऱ्यांसाठीचे बहुतेक इंग्रजी कोश मर्यादित शब्दांत अर्थ देतात. त्याची पायवाट ढाक्यातून गेलेली आहे. वेस्टसमोरची मुलं बंगाली वाचायला शिकलेली होती, हे मात्र विसरायचं नाही. वाचन म्हणजे काय हे त्यांना ठाऊक होतं, नवी होती ती फक्त भाषा.

अट हीच: पुस्तक सोपं हवं आणि भरपूर हवं. न्यूझीलंडचे पॉल नेशन यांच्या अभ्यासानुसार, मदतीशिवाय समजून वाचायचं तर शंभरातले ९८ शब्द ओळखीचे लागतात. पन्नास शब्दांत एक अनोळखी चालेल. आपल्या पाठ्यपुस्तकाचं कुठलंही पान मुलाच्या शेजारी बसून मोजा. ओळीला दोन निघाले तर ते वाचन नव्हे, दगड फोडणं आहे.

फिजीमध्ये १९८० च्या सुमारास वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगुभाई यांनी बारा खेडेगावांतल्या शाळांत एक प्रयोग केला. मुलांच्या घरची भाषा फिजियन किंवा, भारतातून मजुरीच्या करारावर गेलेल्या गिरमिटियांच्या वंशजांकडे, हिंदी. चौथी-पाचवीच्या काही वर्गांना इंग्रजी गोष्टींची २५० सचित्र पुस्तकं दिली. काही ठिकाणी शिक्षक मुलांबरोबर वाचत, काही ठिकाणी मुलं रोज थोडा वेळ आपापली मुकाट वाचत. बाकीचे वर्ग नेहमीच्या पद्धतीनं, वाक्यरचनांच्या कवायतीनं शिकत राहिले. वर्षभरात पुस्तकवाल्या मुलांची वाचनातली प्रगती जवळजवळ दुप्पट वेगानं झाली. दुसऱ्या वर्षी तर त्यांचं लेखन आणि व्याकरणही पुढे गेलेलं दिसलं, वेगळं शिकवलेलं नसताना. पुस्तकांचा हा पूर आपल्याकडे आणणं आता पूर्वीइतकं महाग नाही. ‘प्रथम बुक्स’नं २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर गोष्टी फुकट आहेत, पातळीनुसार लावलेल्या आहेत, आणि अनेक गोष्टी मराठीतही आहेत आणि इंग्रजीतही. आधी मराठीत वाचायची, मग तीच इंग्रजीत. गोष्ट ओळखीची झाली की अनोळखी शब्द निम्मेच घाबरवतात.

‘पण मराठी वाचण्यात वेळ गेला तर इंग्रजी मागे पडेल ना?’ हा प्रश्न पालकसभेत हमखास येतो. कॅनडातले जिम कमिन्स १९७९ पासून सांगत आले आहेत की वाचनाची समज ही भाषेभाषेची वेगळी मिळकत नसते. बातमीतला मुद्दा कुठला, गोष्टीतला माणूस खोटं बोलतोय का, हे मूल एका भाषेत शिकलं की दुसऱ्या भाषेत ते नव्यानं शिकावं लागत नाही. सायकल चालवायला येत असेल तर दुसऱ्याची सायकलही चालवता येते. फार तर सीट खाली-वर करावी लागते.

आता लेखन. इथे आपली परंपरा मोठी आणि निकाल तोकडा.

आजी-आजोबांच्या पिढीनं तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोटली. आजच्या प्रशिक्षणांत तिचं नाव निघालं की लोक नाकं मुरडतात. मी मुरडणार नाही. तिच्यातली वाक्यं कुणाचीच नसत हे खरं, पण ती मुलाला दोन भाषा शेजारी ठेवून पाहायला लावत असे. आणि मराठी मुलाचं इंग्रजी नेमकं या सांध्यावरच निसटतं. ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘माझ्याकडे सायकल आहे’, ‘मला ताप आहे’ या तिन्ही ठिकाणी मराठीत ‘असणे’ आहे आणि इंग्रजीत ‘हॅव’. मराठीत ‘हॅव’ला क्रियापदच नाही. मराठीत ताप माणसाकडे येतो, भूक माणसाला लागते, आठवण माणसाला होते. इंग्रजी माणसाला यातलं सगळं स्वतः करावं लागतं. ‘आलो’ म्हटलं की मराठीत कोण आलं ते कळतं. इंग्रजीत कर्ता बसवल्याशिवाय गाडी हलत नाही. ‘पाऊस पडतोय’ला ‘इट इज रेनिंग’. एका मुलानं मला विचारलं होतं, ‘यातला इट म्हणजे कोण?’ कुणीच नाही. खुर्ची रिकामी ठेवायची पद्धत नाही म्हणून बसवलेला पाहुणा. ‘माझा एक मित्र’चं ‘माय वन फ्रेंड’ होतं तेही याच सांध्यावर. हे फरक समजावले की मुलांना इंग्रजी विक्षिप्त वाटते, पण अनाकलनीय वाटत नाही.

तर्खडकर गेले आणि गाईड आली. आता भाषांतरही नाही, फक्त पाठांतर. ‘माय बेस्ट फ्रेंड’ या निबंधात वर्गातल्या चाळीसही मुलांचा जिवलग मित्र एकच असतो, तो उंच असतो, त्याचे वडील डॉक्टर असतात आणि तो मोठ्यांचा आदर करतो. हा लेखनाचा प्रकार नसून सुलेखनाचा आहे. मूल दहा वर्षं इंग्रजी लिहितं आणि स्वतःचं एकही वाक्य न लिहिता शाळेबाहेर पडतं.

स्वतःचं वाक्य लिहिलं की चुका होतात आणि चुका झाल्या की लाल शाई येते. पानभर लाल झालेली वही मूल वाचत नाही, मिटून ठेवतं. मला माहीत असलेल्या एक बाई एका वेळी एकच गोष्ट तपासतात. या आठवड्यात फक्त भूतकाळ, पुढच्या आठवड्यात फक्त वाक्याच्या शेवटचा पूर्णविराम. बाकीच्या चुका दिसतात, त्या पोटात घालतात. पालक तक्रार करतात. तेव्हा बाई मुलाचं महिन्यापूर्वीचं पान शेजारी ठेवून दाखवतात.

त्यांच्याच चौथीच्या वर्गात मी एक सकाळ बसलो होतो. भिंतीवर मुलांनी सांगितलेले शब्द इंग्रजीत लिहून लावलेले होते: पंप, बस, मोटर, लाइट, ट्रॅक्टर. विषय होता काल घरी काय झालं. एका मुलानं तीन वाक्यं लिहिली. पंप चालू होता, पाणी येत नव्हतं, आणि तिसरं ‘लाइट वेंट’. बाईंचं पेन त्या ‘वेंट’वर क्षणभर थांबलं. इंग्रजीत लाइट अशी जात नाही. मराठीत मात्र रोज जाते, आणि मुलाला काय म्हणायचं होतं ते गावातल्या कुणालाही कळलं असतं. त्या आठवड्यात तपासायचा होता भूतकाळ, आणि तो बरोबर होता. बाईंनी पेन उचललं आणि विचारलं, ‘मग आली कधी?’

‘रात्री.’

‘लिही की मग.’

त्यानं लिहिलं: लाइट केम ॲट नाइट. नाइटचं स्पेलिंग त्यानं आवाजावरून जुळवलं होतं, एन, ए, आय, टी. बाईंनी काही न बोलता शेजारी बरोबर शब्द लिहिला. तो त्या जी आणि एचकडे जरा रागानंच बघत राहिला. मग त्याची नजर वर भिंतीवर गेली, पुन्हा वहीत आली, आणि तो ओरडला, ‘बाई, लाइटचंच शेपूट आहे हे!’